फडावरचे वैरी

अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मुले शाळेत येतात ती अर्धवट झोपेतच. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी माझ्या वर्गात दोन पोरांची हातघाई झाली. चौकशी केली तेव्हा कळले, की भांडण डीजेचे. एकाच्या गल्लीतल्या डीजेने दुसऱ्याच्या गल्लीतल्या डीजेला भर चौकात आवाजात बुडवून टाकले होते. एक मराठीत भांडत होता, दुसरा कानडीत. आमच्या अक्कलकोटात हे रोजचेच. मी दोघांना उभे केले आणि विचारले, "तुझ्या डीजेने असे म्हटले तरी काय, की याच्या डीजेला उत्तर सुचले नाही?" दोघेही माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. शेवटी एकजण म्हणाला, "म्हणंल काय सर? त्यो वाजवितो की."

पोरगा खोटे बोलला नव्हता. पण माझा प्रश्नही अगदीच वेडगळ नव्हता, हे मला दिवाळीत कळले. मुंबईला शिकणारा माझा पुतण्या सुटीत आला होता. त्याला ही हकीकत सांगितली तेव्हा तो म्हणाला, "काका, जमैकातला डीजे बोलतोच. तिथे तबकड्या लावणाऱ्याला सिलेक्टर म्हणतात. डीजे म्हणजे त्या तालावर उभ्या उभ्या शब्द फेकणारा."

मग त्याने मला जी माहिती दिली ती ऐकता ऐकता माझा फराळ तसाच राहिला. त्या बेटावर १९५०च्या सुमारास किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतून मोठमोठे कर्णे लावून उघड्या पटांगणात नाच होऊ लागले. ज्याचे यंत्र दमदार आणि तबकडी दुर्मीळ, त्याच्याकडे गर्दी. मग नुसत्या यंत्राने भागेना, बोलणारा हवा झाला. यू-रॉय नावाच्या बोलणाऱ्याने १९७० साली नुसत्या बोलण्याच्या जोरावर तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीतल्या पहिल्या जागा पटकावल्या. बोलणारे दोन झाले, की सामना आलाच. १९८४ पासून नाताळच्या दुसऱ्या दिवशी 'स्टिंग' नावाचा मोठा जलसा तिथे भरू लागला आणि १९९३ साली त्याच्या व्यासपीठावर बीनी मॅन आणि बाउंटी किलर हे दोन तरुण एकमेकांसमोर उभे राहिले. बाउंटी किलरची तक्रार काय, तर याने माझी ढब चोरली, माझे ठेवणीतले बोल चोरले! हे वैर वर्षानुवर्षे चालले. पुढच्या पिढीतल्या अशाच दोघांचे भांडण तर त्यांच्या चाहत्यांतून रस्त्यावर उतरले आणि २००९ च्या डिसेंबरात खुद्द पंतप्रधानांना त्या दोघांना बोलावून घ्यावे लागले. बीनी मॅन आणि बाउंटी किलर मात्र २०२० च्या मे महिन्यात, सारे जग घरात कोंडलेले असताना, पुन्हा समोरासमोर उभे राहिले आणि हसतखेळत सामना करून मोकळे झाले. तेव्हा दोघेही माझ्यासारखेच चाळिशी ओलांडलेले होते.

पुतण्याला वाटले, काकांना हे सारे नवे आहे. मी त्याला म्हटले, "अरे, हे आपल्या सोलापुरातले आहे. फक्त दोनशे वर्षे उशिरा ऐकतो आहे."

राम जोशी हे नाव बहुतेक वाचकांना ठाऊक असते ते १९४७ सालच्या 'लोकशाहीर रामजोशी' या बोलपटामुळे. जयराम शिलेदारांचा राम, हंसा वाडकरांची बया, माडगूळकरांची लेखणी आणि वसंत देसाईंचे संगीत. त्यातल्या सवालजवाबांनी मराठी चित्रपटाला तमाशाचे जे वेड लावले ते पुढे कित्येक वर्षे उतरले नाही. पण पडद्यावरचा राम जोशी रुबाबदार आहे. खरा राम जोशी माझ्या समजुतीप्रमाणे फार हट्टी गृहस्थ असावा.

जन्म १७६२ च्या सुमारास, सोलापुरात. घराणे जोशीपणाची वृत्ती असलेले, वडील जगन्नाथ, थोरले भाऊ मुद्गल हे पुराण सांगणारे विद्वान. घरी पोथी आणि बाहेर धोंडी शाहिराचा फड. राम पोथी सोडून फडात जाऊन बसू लागला. नुसता बसता तर एक वेळ निभले असते. तो धोंडीसाठी लावण्या रचू लागला. ब्राह्मणाच्या पोराने तमाशाला गाणी पुरवावी म्हणजे त्या काळी काय झाले असेल, ते सांगावयास नको. मुद्गलांनी भावाला घराबाहेर काढले.

राम पंढरपुरास गेला आणि तिथे त्याने पाध्ये घराण्यातल्या विद्वानांपाशी संस्कृत काव्य आणि शास्त्राचे अध्ययन केले. भावाची अपेक्षा अशी असेल, की पोर आता मार्गाला लागेल. पोर परतले, काही काळ पुराण-कीर्तनही केले, आणि मग पुन्हा डफाच्या आवाजाकडे वळले. फरक एवढाच, की या खेपेस पाठीला काव्यशास्त्राचा भाता बांधलेला होता. आता तो धोंडीला लावण्या पुरविणारा पोरगा नव्हता. त्याने स्वतःचा फड उभा केला. एका गावात दोन फड झाले, की बघणारे लोक तेच असतात. धोंडी त्याचा उस्ताद होता, तो आता समोरच्या बाजूचा माणूस झाला.

इथे फडाची रीत थोडी सांगितली पाहिजे, कारण हल्लीच्या मुलांना ती ठाऊक नाही. शाहिराच्या हाती डफ, जोडीदाराच्या हाती तुणतुणे, मागे सूर धरणारे झीलकरी. आधी गण, मग गौळण. रात्र चढली, की एक फड सवाल टाकणार: पुराणातले कोडे, शास्त्रातली अडचण, नाहीतर नुसता शब्दांचा पेच. समोरच्याने त्याच चालीत, बहुधा त्याच यमकात आणि लोकांची हुर्यो सुरू होण्याच्या आत जवाब द्यावयाचा. कलगी आणि तुरा ही दोन घराणी याच भांडणावर जगली. तुरेवाले शिवाच्या बाजूचे, पुरुष थोर म्हणणारे. कलगीवाले शक्तीच्या बाजूचे, माया थोर म्हणणारे. शंकरपार्वतीचा संसार शतकानुशतके लोकांनी चव्हाट्यावर आणला आणि निकाल लागला नाही, तेही बरेच झाले. निकाल लागता तर यात्रेतल्या रात्री कशाने काढल्या असत्या?

अशा ठिकाणी राम जोशाची विद्या म्हणजे गारद्याच्या हाती तोफ आल्यासारखे झाले. तो संस्कृतात लावणी रचतो. एकाच लावणीत मराठी, कानडी, हिंदी आणि संस्कृत यांचे तुकडे जोडतो. आमच्या वर्गातल्या पोरांना हे शिकविताना मला कष्ट पडत नाहीत, कारण आमचे निम्मे गाव दिवसभर तेच करीत असते. संस्कृतातला छेकापन्हुती नावाचा अलंकार त्याने फडावर आणला. एक स्त्री सखीला काहीतरी वर्णन करून सांगते. सखी म्हणते, अगं, हा तर तुझा प्रियकर! ती चटकन् म्हणते, छे, मी तर दुसऱ्याच वस्तूविषयी बोलते आहे. ऐकणारा फसतो आणि फसल्याबद्दल खूष होतो. पंडितांच्या घरचा हा अलंकार, पण सवालजवाबासाठीच तो जन्माला आला होता असे वाटावे. शेवटी 'कविराय' ही त्याची छाप. ही छाप म्हणजे शाहिराचा शिक्का. दुसऱ्याच्या कवनात आपली छाप घालून गाणे हा फडावरचा चोरीचा गुन्हा. बाउंटी किलरची तक्रार आमच्या कुठल्याही शाहिराला भाषांतराशिवाय कळली असती.

सोलापूर पुरेनासे झाले तेव्हा तो पुण्यास गेला. दुसऱ्या बाजीरावाच्या त्या पुण्यात होनाजी गवळी आणि त्याचा जोडीदार बाळा शिंपी, सगनभाऊ, प्रभाकर असे एकाहून एक नामांकित कवी होते. होनाजीचा गळा मऊ, शब्द सोपा. रामाचा शब्द जड आणि ठसक्याचा. माझे स्वतःचे मत विचाराल तर पहाटे होनाजी ऐकावा आणि मध्यरात्री राम जोशी. पण ही तुलना आज खुर्चीत बसून करणे सोपे आहे. बिदागीसाठी एकाच दरबाराकडे डोळे लावून बसलेल्या माणसांना तुलनेचा अर्थ निराळा असतो. एकाला मिळालेला शेला तो दुसऱ्याला न मिळालेला शेला.

बारामतीच्या मोरोपंतांची आणि रामाची भेट ही तर सर्वांची आवडती कथा. पंतांनी त्याचे कवित्व ओळखले, त्याला कविप्रवर म्हणून गौरविले आणि तमाशा सोडून कीर्तनाकडे वळण्याचा उपदेश केला, असे सांगतात. रामाने कीर्तनांतून पंतांच्या आर्या घरोघर पोहोचविल्या हे तर खरेच आहे. संगमनेरच्या अनंतफंदीविषयीही अशीच कथा आहे: अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केली आणि त्याने डफ फोडला. दोन्ही शाहीर ब्राह्मण, दोन्ही कथांत पुण्यशील थोर व्यक्ती, दोन्हींचा शेवट कीर्तनात. मला या कथांचा थोडा संशय येतो. मोरोपंत १७९४ साली वारले आणि बाजीरावाला पेशवाई मिळाली ती १७९६ त. पंतांच्या उपदेशाने रामाने फड कायमचा सोडला असेल, तर त्यानंतर पुण्यात बाजीरावापुढे लावण्या कुणी म्हटल्या? मला वाटते, दोन्ही गोष्टी त्याने मरेपर्यंत केल्या; सकाळी चिपळ्या, रात्री डफ. सभ्य माणसांना ते पटण्यासारखे नव्हते म्हणून मागाहून त्यांनी त्याला न्हाऊमाखू घातले. होनाजीला कोणी डफ फोडावयास लावले नाही. तो गवळी होता. त्याने तमाशा केला म्हणून कुणाची अब्रू जाणार होती?

राम जोशी १८१२-१३ च्या सुमारास गेला. आयुष्य उण्यापुऱ्या पन्नास वर्षांचे. त्याच्या लावण्या छापल्या गेल्या, पाठ्यपुस्तकांत आल्या, बोलपट निघाला. धोंडीचे नाव मात्र आपण घेतो ते रामाच्या चरित्रात पहिल्या पानापुरते. ज्याच्या फडात हे पोर बसले, ज्याच्या डफाने त्याला घरातून ओढून नेले आणि ज्याला हरविण्यासाठी पुढे त्याने एवढी विद्या खर्ची घातली, तो माणूस त्या पानापलीकडे दिसत नाही. हरलेला फड पुस्तकात येत नाही.

हे मी इतक्या जोराने लिहितो याला घरचे कारण आहे.

माझे चुलत आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, तरुणपणी तुऱ्याच्या फडात डफ वाजवीत आणि सवालही टाकीत. मला कळू लागले तेव्हा डफ माळ्यावर होता आणि आजी त्याला कुणाला हात लावू देत नसे. "भावजींना दिसायला नको" एवढेच म्हणे. मी दहा वर्षांचा असताना धीर करून तात्यांनाच विचारले. त्यांनी न लपविता सांगितले. सीमेवरच्या एका गावची यात्रा, समोर भीमेपलीकडून आलेला कलगीवाला. पहाटेच्या सुमारास त्याने सवाल टाकला: कौरवांचे सेनापती किती? तात्यांनी ताबडतोब जवाब दिला, चार. भीष्म, द्रोण, कर्ण, शल्य. कलगीवाल्याने डफ उंच धरला आणि म्हटले, पाच. मांडी मोडून पडलेल्या दुर्योधनाने अश्वत्थाम्याला अभिषेक करविला होता, तो कुठे गेला?

"मला ठाऊक होता रे पाचवा," तात्या म्हणाले. "शंभर वेळा ऐकला होता. पण लढाई संपल्यावर नेमलेला माणूस, तो मोजायचा असतो हे त्या वेळी डोक्यात आलं नाही." त्यांनी तिथेच डफ खाली ठेवला आणि पुन्हा फडावर पाऊल टाकले नाही.

गंमत अशी, की तो कलगीवाला दरवर्षी स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटास येई तेव्हा आमच्याकडेच उतरे. आजी त्याला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढी, पण त्याच्याशी बोलत नसे. तात्या आणि तो ओसरीवर बसून कानडीत तासन् तास कुजबुजत. एक वर्ष तो आला नाही. त्याच्या मुलाचे कार्ड आले.

तात्यांनी मला माळ्यावर चढवून डफ खाली काढविला. उंदरांनी कड कुरतडली होती, कातडे सैल पडून चिरले होते. बराच वेळ ते तो हातात फिरवीत बसले. आजी दारात उभी होती. ती काही बोलली नाही. "नवं चढवून घ्यायला पाहिजे," तात्या म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो डफ धोतरात गुंडाळून सोलापूरला घेऊन गेले.