मिरची अंगणात कशी आली?

एप्रिल उजाडला की गच्चीवर, अंगणात, ओसरीच्या पायऱ्यांवर जुन्या साड्या अंथरल्या जातात आणि त्यांवर लाल मिरच्या पसरतात. कुरडया-पापडांशेजारचे हे वाळवण इतके ओळखीचे आहे, की ते आपल्याकडे कधीपासून आहे हा प्रश्नच पडत नाही. आम्ही तो सातवीच्या वर्गात विचारून पाहिला. ‘रामायणापासून’, ‘पहिल्यापासूनच’, ‘शिवाजी महाराजांच्या थोडं आधीपासून’ अशी उत्तरे आली. यांतले शेवटचे उत्तर खऱ्याच्या सर्वांत जवळ जाते.

हे कशावरून म्हणायचे? आयुर्वेदातले ‘त्रिकटू’ आठवा. सुंठ, मिरे आणि पिंपळी हे तीन तिखट पदार्थ त्यात आहेत, मिरची नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन येते. त्यात मिरी, हिंग, आले आहे, पण मिरची नाही. म्हणजे त्या काळी आपल्या जेवणाला तिखटपणा होता, पण तो मिरचीचा नव्हता.

मिरचीचे माहेर अमेरिका खंड. इक्वेडोरमध्ये सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या दळण्याच्या दगडांवर आणि भांड्यांवर मिरचीच्या पिष्टाचे सूक्ष्म कण सापडले आहेत. मिरीच्या देशाचा मार्ग शोधत निघालेला कोलंबस १४९२ मध्ये कॅरिबियन बेटांवर पोचला, तेव्हा त्याला तिथे मिरी नव्हे, मिरची भेटली. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला. १५०० मध्ये काब्रालचे तांडे ब्राझीलच्या किनाऱ्याला लागून मग कालिकतला पोचले. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. अमेरिका आणि आपला पश्चिम किनारा अशा रीतीने एकाच जलमार्गाने जोडले गेले, आणि त्या मार्गाने मिरची इकडे आली.

नवी वस्तू आली की लोक जुन्या ओळखीच्या नावाचा आधार घेतात. मराठीत ‘मिरी’वरून ‘मिरची’ झाली. कोकणीतली ‘मिरसांग’ म्हणजे मिरीसारखी शेंग. कन्नडमध्ये ‘मेणसु’ म्हणजे मिरी, तर मिरची ‘मेणसिनकायी’. तमिळमध्ये ‘मिळगु’वरून ‘मिळगाय’. स्पॅनिश लोकांनीही ‘पिमिएंता’वरून ‘पिमिएंतो’ केले. एकमेकांना न विचारता सर्वांनी एकच युक्ती केली!

पण नावे फसवतातही. लिओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १५४२ मध्ये मिरचीचे चित्र छापले, ते ‘कालिकतची मिरी’ म्हणून. कोलंबसाच्या सफरीला पन्नास वर्षे होतात न होतात, तोच मिरची मूळची भारतातली असा समज युरोपात झाला होता. पुढे १७७६ मध्ये जॅकिनने मिरचीच्या एका जातीला ‘कॅप्सिकम चायनेन्स’, म्हणजे ‘चीनची’, असे नाव दिले. ती जातही अमेरिकेचीच. शास्त्रीय नामकरणाच्या नियमांमुळे ही चूक आजही नावात टिकून आहे.

आता खरा प्रश्न. ही परकी वनस्पती इतक्या वेगाने घरोघरी कशी पोचली? याचे उत्तर त्या वाळवणातच आहे. काळी मिरी कच्ची तोडून वाळवतात. बाजारातले दाणे पेरले तर ते सहसा उगवत नाहीत. तिची लागवड वेलीच्या छाटांपासून करतात. तिला भरपूर पाऊस आणि सावली लागते, आणि पहिल्या पिकासाठी काही वर्षे थांबावे लागते. मिरची मात्र पिकल्यावर, लाल झाल्यावर वाळवतात. तेव्हा आतले बी तयार झालेले असते. म्हणजे वाळलेली मिरची हा मसालाही आहे आणि बियाण्याची पुडीही! ज्याने ती जेवणासाठी विकत घेतली, त्याच्या हाती नकळत बीही आले. एका हंगामात फळ येते, झाड बरेचसे स्वतःच्याच परागावर फळ धरते, आणि कुंडीभर माती पुरते. मिरीच्या व्यापारासाठी राज्यांनी आरमारे बांधली, लढाया केल्या. मिरचीला त्यांची गरज उरली नाही. तिचे पहिले रोप कोणी लावले हे कुणी लिहून ठेवले नाही, कारण ते काम स्वयंपाकघरामागच्या वाफ्यात झाले.

हे आम्ही करून पाहिले. डब्यातल्या लाल मिरच्यांचे बी उथळ कुंडीत पेरले. पंधरवड्यात बरीच रोपे वर आली. पाच-सहा आठवड्यांनी ती वेगवेगळ्या कुंड्यांत लावली. फळे पूर्ण लाल झाल्यावर देठासह तोडली. इथे आमची एक चूक झाली. पावसाळी हवेत पहिला तोडा प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिला आणि त्यावर बुरशी आली. अशा बुरशीत अफ्लाटॉक्सिनसारखी विषे असू शकतात, म्हणून तो तोडा टाकून दिला. दुसरा तोडा उन्हात पातळ पसरला, रोज परतला, रात्री झाकून ठेवला. मिरची हलवल्यावर बी खुळखुळू लागले आणि साल कडक झाली, तेव्हा ती वाळली असे समजलो. एक किलो ताज्या मिरचीचे वजन वाळल्यावर पाव किलोच्या थोडे वर भरते. बाकीचे पाणी!

अशाच हातांनी पिढ्यान् पिढ्या आवडत्या झाडाचे बी राखले. त्यातून गडद रंगाची पण कमी तिखट ब्याडगी, संकेश्वरी, नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी अशी वाणे वेगळी झाली.

तुमच्या वर्गातील मुलांना एक काम द्या. घरी कोणती मिरची वापरतात, ती कुठून येते आणि बी राखणारे कुणी आहे का, हे त्यांनी आजीला विचारावे. उत्तरे गावाच्या नकाशावर मांडा. मिरचीच्या इतिहासाचे जे पान कोणत्याही दप्तरात सापडणार नाही, ते कदाचित तिथे लिहिले जाईल.