चार रंगांची सिद्धता

यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशांत सोळा तालुके आहेत. सामाईक सीमा असलेल्या दोन तालुक्यांस एकच रंग द्यावयाचा नाहीं, एवढी अट घालून तो रंगविला, तर किती रंग लागतील? चार पुरतात, आणि केवळ याच नव्हे, तर सपाट कागदावरील कोणत्याही नकाशास पुरतात. येथें लांबी-रुंदी गौण. कोण कोणास लागून आहे, एवढेंच पाहावयाचें. अशा संलग्नतेचा विचार करणाऱ्या शास्त्रास संस्थितिविज्ञान म्हणतात. चार रंगांच्या प्रश्नाचा इतिहास हा त्या शास्त्रांतील विश्वासाच्या कसोटीचा इतिहास होय.

१८५२ सालीं इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवितांना फ्रान्सिस गथ्री या तरुणास ही शंका आली. त्याच्या भावानें ती आपले गुरु ऑगस्टस डी मॉर्गन यांच्यापुढें मांडली. हे थोर गणिती जन्मानें मदुराईचे. परंतु त्यांनाही उत्तर सांपडलें नाहीं. १८७९ मध्यें आल्फ्रेड केम्प नामक बॅरिस्टरानें सिद्धता प्रसिद्ध केली आणि ती सर्वमान्य झाली. अकरा वर्षांनीं, १८९० मध्यें, पर्सी हीवुड यांनीं तिच्यांतील दोष दाखविला. एका ठिकाणीं केम्प यांनीं रंगांच्या दोन अदलाबदली एकदम केल्या होत्या. प्रत्येक अदलाबदल एकटी निर्दोष. परंतु एक केली असतां दुसरीचा आधार निसटूं शकतो. पांच रंग पुरतात, एवढेंच हीवुड सिद्ध करूं शकले.

पुढें १९७६ सालीं इलिनॉय विद्यापीठांतील केनेथ ॲपेल व वोल्फगांग हाकेन यांनीं सुमारें एकोणीसशें आकृत्या निवडल्या. यांतील एक तरी टाळतां येत नाहीं, आणि ती आढळली कीं प्रश्न अधिक लहान नकाशावर येतो, हें दाखवावयाचें होतें. संगणक सुमारें १,२०० तास राबला. पण यंत्राचें काम तपासणार कोण? कार्यक्रमांत चूक नसेल कशावरून? अनेक गणितज्ञांचें समाधान झालें नाहीं. १९९७ सालीं चौघां गणितज्ञांनीं आकृत्यांची संख्या ६३३ वर आणली. तरी संगणकावरील भिस्त उरलीच.

२००५ मध्यें जॉर्ज गोंतिए यांनीं बेंजामिन वेर्नेर यांच्या साह्यानें या शंकेस उत्तर दिलें. फ्रान्समध्यें १९८४ पासून घडत आलेली 'कॉक' नांवाची सिद्धता-सहायक प्रणाली त्यांनीं वापरली. यंत्रास रेषा दिसत नाहींत. म्हणून नकाशाच्या सीमांचे सुटे तुकडे कल्पून, एकावरून दुसऱ्यावर कसें जावयाचें याचे नियम त्यांनीं लिहिले. नकाशा सपाट असल्याची खूण ऑयलरच्या सूत्रावरून ठरविली. आकृत्या तपासणारा कार्यक्रमही त्याच भाषेंत लिहिला, आणि तो 'होय' म्हणेल तेव्हां गणितांतील विधान खरेंच असतें, हेंही सिद्ध केलें. शेवटीं प्रणालीच्या लहानशा गाभ्यानें प्रत्येक पायरी पडताळली.

यामुळें विश्वास ठेवण्याची गरज संपली नाहीं. ती त्या गाभ्यापुरती आकुंचित झाली. केम्प यांच्या वेळीं वाचकांनीं लेखकावर विश्वास ठेवला व ते अकरा वर्षें फसले. आतां कोणाच्या कीर्तीवर विसंबावयाचें नाहीं, प्रत्येक पायरी दाखवावयाची. पाटीवर उदाहरण सोडविणाऱ्या मुलाकडून शाळा हेंच मागत आली आहे.