दंग्याआधीची बैठक

1970 आणि 1984 साली भिवंडी दंग्यांत होरपळली. 1988 साली तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. हिंदू, मुसलमान आणि पोलीस दंगा होण्याआधीच एकत्र बसू लागले. 1992-93 मध्ये मुंबई पेटली. यंत्रमागांची भिवंडी शांत राहिली. निवृत्तीनंतर हेच खोपडे 2014 साली बारामतीतून लोकसभेला उभे राहिले व पराभूत झाले.

त्यांनी घालून दिलेली ही रीत आम्हां कामगार चळवळीतल्यांना आपल्या विजेच्या प्रश्नातही उपयोगी वाटते. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास बारामती-इंदापूरकडे आला. पुढे इंदापूरला उजनीचे पाणी लाभले. परंतु पाणी उचलते ती मोटार, आणि तिला वीज वर्षानुवर्षे रात्रपाळीत मिळत आली. शेतकऱ्याने साप-विंचवाच्या अंधारात दारे धरली. दिवसा वीज देण्यासाठी सरकारने सौर कृषी वाहिनी योजना आणली, तीही 2017 साली.

2003 च्या वीज कायद्याप्रमाणे दर ठरविण्यापूर्वी आयोगाने लोकांच्या हरकती विचारात घेतल्याच पाहिजेत. म्हणजे बैठक कायद्यातच मांडलेली आहे. तेथे जाणारे आपण थोडे. दंगा झाल्यावर लाठी चालते, बिल आल्यावर ओरड होते, दोन्ही उशिरा. म्हणून आमची विनंती एवढीच : गावातले बागायतदार, शेतमजूर आणि कारखान्यातले कामगार यांनी आधी एकत्र बसावे, हिशेब समजून घ्यावा आणि हरकत लेखी द्यावी.