सांडपाण्याची उधारी

शहरात पाणी आले त्या दिवसाची आठवण सर्वजण ठेवतात. ते वापरलेले पाणी कोठे गेले, याचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. आपल्या मुंबईपुरता तो थोडक्यात सांगावा, असा या लेखाचा हेतू आहे.

१८६० पूर्वी मुंबईचे पाणी विहिरींचे व तळ्यांचे होते. घरोघरचा मैला माणसे वाहून नेत. त्यांना ‘हलालखोर’ म्हणत आणि त्या कामासाठी घेतल्या जाणाऱ्या कराचे नावही हलालखोर करच होते. गोळा केलेला मैला बऱ्याच अंशी समुद्रकाठी जाई. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने आले. शहराला आनंद झाला आणि तो रास्तच होता. परंतु घरात पाणी वाढले तसे घराबाहेर सांडपाणीही वाढले. आणि ते वाहून नेण्याची पुरेशी सोय झालेली नव्हती.

येथे मुंबईची जमीन आड आली. बेटांमधील खाड्या बुजवून झालेले हे शहर. त्याचा मधला भाग भरतीच्या पाण्याहून सखल. उतार नाही, म्हणून भरतीला गटारे तुंबत. कॅप्टन हेक्टर टुलॉक या नगरपालिकेच्या इंजिनिअरने १८७२ साली या प्रश्नावर मोठा अहवाल लिहिला. पुढे भुयारी गटारे झाली आणि वरळीस लव्ह ग्रोव्ह येथे पंप बसवून मैलापाणी समुद्रात सोडण्याची व्यवस्था झाली. नाव प्रेमाच्या राईचे आणि काम हे!

शहर स्वच्छ झाले खरे. पण घाण नाहीशी झाली नव्हती, ती फक्त वरळीच्या किनाऱ्यावर गेली होती. ‘समुद्र काय, सगळे पोटात घालतो,’ असे आपण म्हणतो. पण त्याच पाण्यावर कोळीवाड्यातील भगिनींची चूल अवलंबून असते.

वास्तविक उपाय ठाऊक होता. १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डेन व लॉकेट यांनी एक रीत प्रसिद्ध केली. सांडपाण्यात हवा खेळवली की त्यातील सूक्ष्म जंतू वाढून घाण खातात. मग तो गाळ खाली बसतो आणि वर निवळ पाणी राहते. त्या गाळातला थोडा पुढच्या पाण्यात मिसळायचा, अगदी आपल्या विरजणासारखा! मुंबईने मात्र मुख्यतः दूरचा समुद्र पसंत केला. गेल्या शतकाच्या अखेरीस व या शतकाच्या आरंभी वरळी आणि वांद्रे येथून तीन किलोमीटरहून लांब बोगदे समुद्राखाली नेण्यात आले. जाळीने कचरा व वाळू काढायची आणि बाकीचे खोल पाण्यावर सोपवायचे, अशी ती योजना. किनाऱ्याची दुर्गंधी त्याने लांब गेली; शुद्धीकरण मात्र पुढेच राहिले. जानेवारी २०२३ मध्ये सात नव्या शुद्धीकरण केंद्रांची कोनशिला बसली. त्यांची एकूण क्षमता रोज सुमारे २४६ कोटी लिटर योजलेली आहे. विहारचे पाणी आल्यापासून या पायरीपर्यंत १६३ वर्षे गेली.

ही उधारी सर्वांत जड गेली ती गटारात उतरणाऱ्या माणसांना. हाताने मैला साफ करवून घेण्यास बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली तो अधिक कडक झाला. तरीही २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाला गटारातील मृत्यूसाठी तीस लाख रुपयांची भरपाई ठरवावी लागली.

केंद्रे बांधणे सरकारचे व महापालिकेचे काम; त्याचा हिशेब आपण नागरिक म्हणून मागितलाच पाहिजे. पण तळणीचे उरलेले तेल, फाटकी फडकी, सॅनिटरी पॅड ही गटारात न सोडणे आपल्याच हाती आहे. वाहिनी चोंदली की ती मोकळी करायला कोणा तरी मातेच्या लेकाला बोलावले जाते, एवढे प्रत्येकीने ध्यानात ठेवले तरी पुष्कळ होईल.