काळ्या लोकरीची तक्रार

पॅरिसमध्ये बिएव्र नावाच्या ओढ्याकाठी पंधराव्या शतकात गोबलँ घराण्यातल्या रंगाऱ्यांनी आपल्या कढया मांडल्या. १६६२ मध्ये चौदाव्या लुईच्या कारभाऱ्यांनी ती जागा राजासाठी घेतली आणि पुढच्या काळात महालांच्या भिंतींवरच्या टॅपेस्ट्री तिथे विणल्या जाऊ लागल्या. १८२४ मध्ये या कारखान्याच्या रंगाई विभागावर नवा प्रमुख आला, मिशेल युजीन शेव्रल. वय ३८, पेशाने रसायनशास्त्रज्ञ. त्याचं नाव झालं होतं ते चरबी आणि तेलांवरच्या संशोधनाने. चित्रकलेशी त्याचा संबंध नव्हता.

त्याच्यापुढे आलेल्या तक्रारींतली एक काळ्या रंगाची होती. निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या घड्यांतल्या सावल्या विणताना गोबलँची काळी लोकर फिकी दिसते, तिला जोर नाही, असं विणकर म्हणत. रसायनशास्त्रज्ञाने करायचं तेच शेव्रलने केलं. फ्रान्समधल्या आणि परदेशातल्या नामांकित रंगाऱ्यांकडून काळ्या लोकरीच्या लडी मागवल्या आणि आपल्या लडी त्यांच्याशेजारी ठेवून पाहिल्या. गोबलँचा काळा कुणाहून उणा नव्हता. कढईत दोष नव्हता, रंगाऱ्याच्या हातात नव्हता. काळ्याला मारत होता तो त्याच्या शेजारचा निळा.

आधुनिक चित्रकाराची रंगाकडे बघण्याची रीत मला या शोधापाशी सुरू झालेली दिसते. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून पाहतो. गडद अधिक गडद वाटतो, फिका अधिक फिका, आणि प्रत्येक रंग आपल्या विरोधी रंगाची झाक शेजाऱ्यावर टाकतो. निळ्याचा विरोधी नारिंगी, म्हणून निळ्यालगतच्या काळ्यावर नारिंगीची पुसट छटा चढते आणि तो विटका, तांबूस दिसतो. एकाच करड्या कागदाचे दोन तुकडे कापून एक पिवळ्या आणि एक लाल कागदावर ठेवून बघा. पिवळ्यावरचा किंचित जांभळट वाटेल, लालवरचा हिरवट. करडा तोच आहे हे माहीत असूनही डोळा ऐकत नाही.

लिओनार्दोच्या टिपणांत या अनुभवाचे उल्लेख आहेत, गटेने १८१० मध्ये रंगीत सावल्यांवर पानंच्या पानं लिहिली. शेव्रलने मात्र त्याला कामात वापरता येईल असा नियम दिला. १८२८ मध्ये त्याने तो विज्ञान अकादमीपुढे वाचला आणि १८३९ मध्ये सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ छापला. त्यात टॅपेस्ट्री आणि चित्रं आहेत, तसेच भिंतीचे कागद, सैनिकांचे गणवेश, बागेतले फुलांचे ताटवे आणि चेहऱ्याला शोभणाऱ्या टोप्याही आहेत. मला हा ग्रंथ आवडतो तो यासाठीच. रंग ही फक्त चित्रकाराची मालमत्ता नाही, याची त्यात पुरती जाण आहे. पुढे त्याने ७२ छटांचं रंगचक्र आखलं, विरोधी रंग समोरासमोर येतील असं. आपल्याकडे चित्रकलेच्या तासाला मुलं वहीत जे रंगचक्र रंगवतात, त्याच्या पूर्वजांत हे एक आहे.

चित्रकारांपर्यंत हा विचार काहीसा आडवाटेने गेला. दलाक्रवा शेव्रलच्या आधीपासूनच सावलीत विरोधी रंग भरत होता. त्याच्या रंगसंगतीचा उलगडा करताना शार्ल ब्लाँ या कलासमीक्षकाने १८६७ च्या ग्रंथात शेव्रलचा नियम सोप्या भाषेत मांडला, आणि पुढच्या पिढीने तो बहुधा तिथेच वाचला.

त्या पिढीतला जॉर्ज सरा नियमाच्या सर्वांत जवळ गेला, आणि तिथेच एक गाठ पडली. शेव्रलने दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या होत्या. रंगाचे मोठे पट्टे शेजारी आले की ते एकमेकांना विरोध करतात. बारीक धागे शेजारी आले की लांबून ते मिसळतात. विरोधी रंगांचे धागे मिसळले तर हाती लागतो करडा. विणकराला हे रोज दिसतं. येवल्याच्या धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्याचा असतो. पदर हलला की कधी हा वर येतो, कधी तो, आणि दोहोंतून तिसरीच छटा तयार होते. सराने ‘ला ग्राँद जात’ हे दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद चित्र १८८४ ते १८८६ या काळात केलं. त्यात हिरवळीवर नारिंगीचे आणि सावल्यांत निळ्याचे ठिपके आहेत. हे ठिपके डोळ्यात मिसळून रंग अधिक उजळेल अशी त्याची अपेक्षा होती. फार लांबून तसं होत नाही, रंग मंदावतात. पण मधल्या अंतरावर ठिपके धड वेगळे राहत नाहीत, धड मिसळतही नाहीत; सगळा पृष्ठभाग थरथरतो. मला त्या चित्राचं खरं यश या थरथरीत वाटतं. दुःख एवढंच की त्यातला झिंक यलो हा पिवळा रंग काही वर्षांतच तपकिरी पडू लागला. एक रंग बदलला तसे त्याच्या शेजारचे सगळे हिशेब बदलले. आज शिकागोत दिसणारी ती हिरवळ सराने पाहिलेली हिरवळ नाही.

व्हॅन गॉगने ब्लाँ वाचला तो नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी. त्याचा एक लाखेचा डबा ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. आत लोकरीचे छोटे गुंडे आहेत, काहींत दोन-तीन रंगांचे धागे एकत्र गुंडाळलेले. कॅनव्हासवर रंग लावण्याआधी कोणता रंग कुणाशेजारी कसा वागतो, हे तो लोकरीवर पाहत असे. गोबलँच्या लडींतून निघालेला प्रश्न पन्नास-साठ वर्षांनी एका चित्रकाराच्या डब्यात पुन्हा लोकर होऊन आला होता. १८८८ मध्ये आर्ल इथे ‘रात्रीचं कॅफे’ रंगवताना त्याने लाल भिंती आणि हिरवं छत समोरासमोर आणलं आणि भावाला कळवलं की माणसाच्या भयंकर वासना या दोन रंगांतून सांगायचा प्रयत्न केला आहे. शेव्रलला हवी होती रंगांची शोभा. त्याचाच नियम इथे मनाची अस्वस्थता दाखवायला वापरला गेला, आणि ही झेप मला सगळ्या कुळकथेत सर्वांत मोठी वाटते.

हे चित्र रंगवलं गेलं तेव्हा शेव्रल हयात होता. १८८९ मध्ये, १०२ वर्षांचा होऊन तो गेला. १९१२ च्या सुमारास चित्रकार रॉबेर दलोने याने त्याच्या ग्रंथातला ‘एकाच वेळी’ हा शब्द आपल्या चित्रांच्या नावात घेतला, आणि वस्तू बाजूला सारून रंगांचा परस्परसंबंध हाच चित्राचा विषय केला.

जर्मनीतली बाउहाउस ही कलाशाळा १९३३ मध्ये बंद पडल्यावर तिथला शिक्षक योझेफ आल्बर्स अमेरिकेला गेला. त्याची पत्नी ॲनी विणकर होती. रंगांचा हाच परस्परसंबंध शिकवताना वर्गात तो रंगाच्या डब्यांऐवजी रंगीत कागद वापरायला सांगे, कारण कागदाचा रंग हवा तेव्हा हुबेहूब तोच पुन्हा मिळतो. एकाच रंगाची पट्टी दोन पार्श्वभूमींवर ठेवून तिचे दोन रंग दिसतील असं करायचं, हा एक सराव. दुसरा याच्या उलट आणि फार अवघड: दोन वेगळ्या रंगांच्या पट्ट्या अशा पार्श्वभूमींवर ठेवायच्या की त्या एकच वाटाव्यात. सिद्धान्त त्यानंतर. १९६३ मध्ये त्याने हे सराव पुस्तकरूपाने छापले, तेव्हाही क्रम तोच ठेवला.