ठिपक्यांची वहिवाट

कामगारांनी अक्षरशः नियमानुसार काम करण्याचे ठरविले, तर यंत्रे चालू असूनही उत्पादन बसते, हे आम्ही चळवळीत पाहिले आहे. नियमांचे पुस्तक एक सांगते, खात्यातले काम दुसऱ्याच रीतीने होते. संगणकाचा इतिहास चाळताना आम्हांस याचीच आठवण झाली.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्याची डॉस ही कार्यप्रणाली फायली सांभाळी, अक्षरे दाखवी. चित्राच्या बाबतीत मात्र मुकी. यंत्रातच कोरलेल्या बायोसकडे ठिपका रंगविण्याची सोय होती, पण प्रत्येक ठिपक्यासाठी वेगळा अर्ज! रंगीत पडद्यावर ठिपके ३२० गुणिले २००, म्हणजे ६४,०००. नियमाने गेले असते तर चित्र कधी हललेच नसते.

तेव्हा प्रोग्रामर मंडळी कचेरी टाळून थेट कोठारात शिरली. पडद्याची मेमरी १६ किलोबाइट. एका बाइटमध्ये चार ठिपके, एका ओळीला ८० बाइट. त्यात गंमत अशी, की एकाआड एक ओळी पहिल्या अर्ध्या भागात आणि मधल्या ओळी ८१९२ बाइट पुढे. जागा काढण्यास ८० ने गुणावे, तर गुणाकार त्या प्रोसेसरला जड. म्हणून ६४ पट आणि १६ पट काढून बेरीज करीत. दोहोंना बिट नुसते सरकविले की पुरे. पावकी-निमकी पाठ असलेल्या वाण्याचीच ही अक्कल.

१९८२ च्या 'फ्लाइट सिम्युलेटर'ने तर डॉसला बाजूसच ठेवले. तो स्वतःच्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू करी. १९८३ चा 'लोटस १-२-३' हा हिशेबाचा प्रोग्रामही पडद्याच्या मेमरीत थेट लिही. मग वहिवाटच कायदा झाली. टँडी २००० हे यंत्र डॉस चालवी, प्रोसेसरही अधिक वेगवान. पण आतली मांडणी निराळी, म्हणून आयबीएमसाठी लिहिलेले कित्येक प्रोग्राम त्यावर चालेनात. यंत्र खरोखर जुळते काय, याची परीक्षा ग्राहक हे दोन प्रोग्राम लावून घेऊ लागले. खात्यातल्या रिवाजापुढे मालकांना असे वाकताना आम्ही क्वचितच पाहिले!

याची किंमतही होती, आणि ती काम करणाऱ्यानेच मोजली. १९८२ सालचे हर्क्युलिस कार्ड घ्या. व्हॅन सुवन्नुकुल यांना आपला प्रबंध थाई लिपीत लिहावयाचा होता, त्यातून ते जन्मले. परकी लिपी यंत्रात शिरावयाची तर ठिपक्यांच्याच वाटेने, हे देवनागरीवाल्यांस सांगणे नलगे. ठिपके ७२० गुणिले ३४८, आणि ओळी चार भागांत विखुरलेल्या. म्हणजे चित्र काढण्याचे सारे काम पुन्हा नव्याने. जितकी कार्डे, तितक्या वेळा तीच मजुरी.

१९८५ मध्ये विंडोज आले. चित्राचे अर्ज घेणारी एक खिडकी त्यात होती. कार्डाचे भेद तिच्यामागे झाकले जात. हिशेबनीस हळूहळू तिकडे वळले. खेळ करणाऱ्यांना मात्र ती रांग परवडेना. १९९३ साली गाजलेला 'डूम' डॉसवरच चालत होता, आणि पडद्याच्या मेमरीत स्वतःच्याच हाताने लिहीत होता.