संदेश, रेणू आणि एका शब्दाचा अर्थ

पेशीविज्ञानाच्या मराठी लेखनात 'संदेशवहन' हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. रामटेक ज्या जिल्ह्यात आहे तिथे साहित्य शिकवणाऱ्याला हा शब्द वाचून 'मेघदूत' आठवणे अपरिहार्यच म्हणायचे. संदेशकाव्याला संदेश देणारा, नेणारा आणि घेणारा असे तिघे लागतात. निरोगी पेशीतही तसेच घडते. वाढीची सूचना बाहेरून येते, पेशीच्या आवरणावरचा ग्राही ती झेलतो, आत एका प्रथिनाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला असा निरोप केंद्रकापर्यंत जातो, आणि पेशी दुभंगते. या साखळीत प्रथिनांवर फॉस्फेटचा गट चढवून त्यांना जागे करणारी जी विकरे असतात त्यांना कायनेज म्हणतात. कर्करोगाच्या पेशीत मात्र पुष्कळदा यक्षच नसतो. कोणीही पाठवलेला नसलेला निरोप अखंड पोहोचत राहतो.

हे प्रथम स्वच्छ दिसले ते क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात. १९६० साली नॉवेल आणि हंगरफोर्ड यांना फिलाडेल्फियात या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. ते आखूड का, हे १९७३ साली जॅनेट राउली यांनी उलगडले: नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली होती. त्या सांध्यावर जे मिश्र जनुक तयार होते, त्याचे प्रथिन म्हणजे कधीही न झोपणारे कायनेज. बाझेलच्या सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कायनेजच्या खाचेत बसून ते बंद पाडणारा रेणू शोधला. ब्रायन ड्रुकर यांनी १९९८ साली त्याची रुग्णांवर चाचणी सुरू केली, आणि १० मे २००१ रोजी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रेणूचे नाव इमॅटिनिब, बाजारातले नाव ग्लिव्हेक. सरसकट साऱ्या वाढत्या पेशी मारण्याऐवजी एका बिघडलेल्या निरोपाचा मार्ग अडवायचा, ही कल्पना गोळीच्या रूपाने हाती आली.

मुंबईत या विषयाची पूर्वतयारी जुनी होती. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडले. तिथले विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे केले. त्यांच्या विद्यार्थिनी, पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे, जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे शिकून आल्या आणि त्यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा घातली. शरीराबाहेर पेशी वाढवता आल्यावाचून पेशीतल्या निरोपांचा अभ्यासच संभवत नाही. आपल्या चरित्रवाङ्मयात या दोघांना मिळालेली जागा फारच तुटपुंजी आहे. असो.

इमॅटिनिबचा खरा भारतीय इतिहास मात्र प्रयोगशाळेत नव्हे, न्यायालयात घडला. आणि साहित्याच्या अभ्यासकाने तो वाचावा असे मला वाटते, कारण तो मुळात एका शब्दाच्या अर्थनिर्णयाचा इतिहास आहे. १९७०च्या कायद्याने भारतात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हते. नोव्हार्टिसने १९९८ साली चेन्नईत अर्ज केला तो मूळ रेणूसाठी नव्हता. इमॅटिनिब मेसिलेटच्या 'बीटा' स्फटिकरूपासाठी होता. दरम्यान कंपनीला विक्रीचे एकाधिकार मिळाले. ते राखण्यासाठी ती न्यायालयांत गेली, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने मनाईहुकूम दिला, मुंबई उच्च न्यायालयाने नाकारला. महिन्याची ग्लिव्हेक सुमारे १,२०,००० रुपयांना पडे. भारतीय कंपन्यांची तीच गोळी ८,००० ते १०,००० रुपयांत मिळे. ही गोळी आठवडाभर घेऊन संपत नाही, वर्षानुवर्षे घ्यावी लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन आकड्यांमधले अंतर कळते. अर्जाला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्थाही होती.

२००५ च्या दुरुस्तीने औषधांवर पेटंट देणे सुरू झाले, पण कलम ३(डी)ने एक अट घातली: ज्ञात द्रव्याचे नवे रूप हे नवा शोध नव्हे, जोवर त्याची 'एफिकसी' वाढल्याचे दिसत नाही. या 'एफिकसी'चा अर्थ काय? नव्या रूपाचे औषध रक्तात तीस टक्के अधिक उतरते, असे कंपनीचे म्हणणे होते. न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या सर्वोच्च न्यायालयातील पीठाने १ एप्रिल २०१३ रोजी निकाल दिला: औषधाच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ रोग बरा करण्याची शक्ती हाच, निव्वळ अधिक उतरणे म्हणजे अधिक बरे करणे नव्हे, ते स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागेल. पेटंट नाकारले गेले. संदर्भाने शब्दार्थ आवळला जातो हे आपण वर्गात शिकवतो. इथे त्या आवळण्यावर माणसांची औषधे अवलंबून होती.

त्याआधी एक वर्ष, मार्च २०१२ मध्ये, मुंबईच्या पेटंट नियंत्रकांनी सोराफेनिब या दुसऱ्या कायनेजरोधकाचा सक्तीचा परवाना नॅटको कंपनीला दिला होता. महिन्याचा खर्च २,८०,००० वरून ९,००० रुपयांच्या आत आला. भारतातला हा असा पहिलाच परवाना.

इथवरची कथा विजयाची वाटते, पण खापरखेड्यात बसून ती तशी सांगता येत नाही. इथे वीजकेंद्राच्या रस्त्यावर, साऱ्या विदर्भात असतो तसा, पानठेला आहे आणि तिथे खर्रा घोटला जातो: सुपारी, तंबाखू, चुना. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी आली, खर्रा राहिला. त्यातून होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात ल्युकेमियासारखा एकच बिघडलेला निरोप सापडत नाही. वर्षानुवर्षांच्या तंबाखूने अनेक जनुके मोडलेली असतात. एक वाट अडवली तर निरोप दुसरीने जातो. ग्लिव्हेकच्या यशाने जी भाषा रूढ केली, अचूक नेमाची आणि एका गोळीच्या एका लक्ष्याची, ती इथे अपुरी पडते, आणि वृत्तपत्रांनी ती सर्व कर्करोगांना लावली हे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

टाटा मेमोरियलच्या विजय पाटील, वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला. डोके व मानेच्या पुढारलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांना त्यांनी जुने, स्वस्त मेथोट्रेक्सेट, वेदनाशामक सेलेकॉक्सिब आणि ईजीएफआर या ग्राहीचे कायनेज रोखणारे एर्लोटिनिब अशी तोंडी औषधे दिली. निम्म्यांना त्याखेरीज निव्होलुमॅब हे महागडे प्रतिकारशक्तीचे औषध दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, दिले. वर्षअखेर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. निष्कर्ष २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले.